आधीं पाऊल, मग मात्रा

आपल्या शाळांतील संगीताच्या तासाला एखादे दिवशीं सहज डोकावून पाहावें. मुलें रांगेनें मांडी घालून बसलेलीं असतात. फळ्यावर त्रितालाच्या सोळा मात्रा चार-चारांचे विभाग पाडून मांडलेल्या असतात. पहिलीखालीं समेची फुली, पांचवीखालीं दोनाचा आंकडा, नववीखालीं खालीचें पूज्य आणि तेरावीखालीं तीन. मुलें तो तक्ता वहींत उतरून घेतात, पाठ करतात, आणि परीक्षेंत बिनचूक लिहितात. मग पेटी सुरू होते, मुलें गाऊं लागतात, आणि दुसऱ्याच आवर्तनांत अर्धा वर्ग समेच्या पुढें धांवतो व उरलेला अर्धा मागें रेंगाळतो. सोळा मात्रा सर्वांस ठाऊक असतात. सोळाव्या मात्रेनंतर पहिली मात्रा नेमकी केव्हां येणार, एवढेंच काय तें कोणाला ठाऊक नसतें.

हें असें कां व्हावें, आणि त्यावर उपाय काय, याविषयीं चार शब्द लिहावे असा या लेखाचा हेतु आहे. माझें म्हणणें थोडक्यांत असें कीं, लहान मुलांस ताल शिकविण्याचा आरंभ वहीपासून किंवा तोंडच्या मोजणीपासून न करतां पावलांपासून करावा. जी लय पायांत उतरली नाहीं, ती कंठांत क्वचितच उतरते. हें मत मीं प्रथम ग्रंथ वाचून बनविलें असें मात्र नाहीं. तें मला एका चुकीनें शिकविलें, आणि ती चूक माझी स्वतःचीच असल्यामुळें ती आधीं सांगणें प्राप्त आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं स्नेहसंमेलनासाठीं समूहगीत बसवीत असतां माझ्या वर्गांत एक मुलगा होता. आवाज चांगला, सूरही बरा. पण तालाच्या नांवानें शून्य. दादऱ्याच्या सहा मात्रा त्याच्याकडून कितीही वेळां म्हणवून घेतल्या, तरी गाणें सुरू होतांच त्याची टाळी एकीकडे आणि तबला दुसरीकडे. दोनतीन दिवस मीं त्याला निराळें उभें करून "एक दोन तीन, चार पांच सहा" असें घोकविलें. जितकें घोकवावें तितका तो अधिकच गोंधळे. शेवटीं संमेलन जवळ आलें, मला धीर निघेना, आणि सर्व मुलांदेखत मीं त्याला म्हटलें, "तूं बेताल आहेस. तूं गाऊं नकोस; पडदा ओढायला उभा राहा." तो कांहीं बोलला नाहीं. पडदा ओढण्याचें काम त्यानें चोख केलें.

त्यानंतर महिना-दीड महिन्यानें शाळेच्या बागेंतील दोन कुदळींचीं टोकें ठोकून घेण्यासाठीं मी लोहाराच्या दुकानीं गेलों. पाहतों तों ऐरणीपाशीं हाच मुलगा घण घेऊन उभा. लोहार त्याचा बाप. बाप सांडशीनें लाल लोखंड ऐरणीवर धरून लहान हातोडीनें ठोका देई आणि जागा दाखवी. त्या दोन ठोक्यांच्या बरोबर मध्यावर हा मुलगा दोन्ही हातांनीं घण आणी. बापानें हात जलद केला कीं मुलाचा घण जलद होई. बापानें हातोडी ऐरणीवर आडवी टेकविली कीं घण खांद्यावरच थांबे. अर्ध्या मात्रेची चूक झाली असती, तर घण बापाच्या हातोडीवर किंवा मनगटावर पडता. मी बराच वेळ उभा राहिलों. एकदांही चूक झाली नाहीं. काम थांबल्यावर मीं बापाला विचारलें, "याला हें मोजायला तुम्हीं कसें शिकविलें?" तो हंसून म्हणाला, "मोजायचं कशाला, गुरुजी? माझा हात वर गेला की त्याचा खाली येतो."

मी कुदळी घेऊन परत आलों तो खालीं मान घालूनच. मुलगा बेताल नव्हता. बेताल होती ती माझी शिकवण्याची रीत.

त्या लोहाराच्या एका वाक्यांत लयीचें सारें मर्म आहे असें मला पुढें विचार करतां करतां उमगलें. मात्रा मोजणें म्हणजे क्रमानें आंकडे उच्चारणें. पण आंकडा हा केवळ एक बिंदु होय. "एक" म्हटल्यानंतर "दोन" म्हणण्यापूर्वीं किती थांबावें, हें आंकडा सांगत नाहीं. आणि लय तर त्या थांबण्यांतच आहे. आपण मुलांस बिंदु शिकवितों आणि त्यांना अंतर येत नाहीं म्हणून त्यांच्यावर रागावतों. शरीराची हालचाल मात्र बिंदूंची बनलेली नसते. घण ऐरणीवर पडला तो एक क्षण. परंतु तो उचलला जाण्यास, डोक्यावरून फिरण्यास व खालीं येण्यास लागलेला सर्व काल मुलाच्या खांद्यानें आणि पाठीनें अनुभविलेला असतो. चालण्याचेंही तसेंच. पाऊल टेकतें ती मात्रा. पाऊल अधांतरीं असतें तें दोन मात्रांमधील अंतर. तें अंतर मुलाला मोजावें लागत नाहीं, कारण तो तें चालून जातो. म्हणूनच ज्याला दहापर्यंत नीट मोजतांही येत नाहीं असें चार वर्षांचें मूलही ढोलाच्या आवाजाबरोबर पाय टाकूं लागतें.

कोणी म्हणेल, हें नवें खूळ कोठून आणलें? वस्तुतः यांत नवें कांहीं नाहीं. नवी असेल तर ती आपली वहीच. भरताच्या नाट्यशास्त्रांत तालाचा विचार आला आहे तो हाताच्या क्रियांच्या रूपानेंच. या क्रिया दोन प्रकारच्या सांगितल्या आहेत. शम्या, ताल, ध्रुव आणि संनिपात या चार सशब्द, म्हणजे ज्यांत आघाताचा आवाज होतो अशा. आणि आवाप, निष्क्राम, विक्षेप व प्रवेश या चार निःशब्द, ज्यांत हात केवळ हवेंत फिरतो. येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. जेथें आवाज नाहीं तेथें हालचाल नाहीं, असें प्राचीनांनीं मानिलें नाहीं. उलट मौनालाही त्यांनीं हाताची एक निश्चित गति नेमून दिली. आजची आपली 'खाली' ही त्याच कुळांतील. ती वहींत पूज्य म्हणून लिहिली कीं मुलाला ती पोकळी वाटते, आणि पोकळींतून लवकर सुटावें म्हणून तो घाई करतो. तीच खाली हात बाजूस उघडून दाखविली कीं तिला वजन येतें, आणि मूल तेथें थांबावयास शिकतें.

तेराव्या शतकांत यादवराजा सिंघण याच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' हा थोर ग्रंथ लिहिला. यादवांची राजधानी जी देवगिरि, तोच आपला मराठवाड्यांतील दौलताबादचा किल्ला. त्या ग्रंथांत संगीत या शब्दाची व्याख्या करतांना गीत, वाद्य आणि नृत्य या तिहींस मिळून संगीत म्हटलें आहे. आपल्या शाळांतील संगीताच्या तासांत गीत आहे, थोडेंसें वाद्य आहे. तिसरें अंग मात्र आपण दाराबाहेर ठेविलें आहे. दक्षिणेकडे अद्यापि तसें नाहीं. कर्नाटक संगीत शिकणारें मूल पहिल्या धड्यापासूनच मांडीवर हात मारून ताल धरतें. आदितालाच्या आठ मात्रा म्हणजे एक टाळी, मग करंगळीपासून तीन बोटें एकामागून एक, आणि नंतर टाळी व उलटा हात अशा दोन जोड्या. गाणारा वर्षानुवर्षे हें करीत राहतो आणि त्याला त्याची लाज वाटत नाहीं. कथक शिकणारी मुलगीसुद्धां पायांनीं तुकडा नाचण्यापूर्वीं तोच तुकडा हातानें ताल देत तोंडानें म्हणून दाखविते.

आणि आपल्या महाराष्ट्रांत तरी काय कमी आहे? आपल्या आज्या-पणज्या जात्यावर ओव्या म्हणत. तेव्हां जात्याचा फेराच त्यांचा तबला होता, आणि ओवीचा चरण खुंट्याच्या फेऱ्याबरोबर वळत असे. मंगळागौरीच्या रात्रीं झिम्मा खेळणाऱ्या मुलींस कोणी मात्रा शिकविलेल्या नसतात. तरी टाळीला टाळी अचूक मिळते. फुगडीची गति वाढूं लागली कीं दोघींचे श्वासही एका लयींत पडतात. आश्विनांत भोंडल्याचा फेर धरणारी पांच वर्षांची मुलगी गाण्याचे सर्व शब्द अजून शिकलेली नसते, पण तिचें पाऊल चुकत नाहीं. वारींतील दिंडी पाहावी: टाळ वाजवीत पुढें-मागें पाउल्या टाकणारे वारकरी शेंकडों असतात, कोणी कोणास आंकडे सांगत नाहीं, आणि टाळांचा आवाज तर एकच. शाळेच्याच मैदानावर लेझमीचे हात करणारीं मुलें पाहावीं. जीं मुलें माझ्या तासाला दोन आवर्तनें टिकत नाहींत, तींच हलगीच्या ठेक्यावर वांकतात, बसतात, उसळतात आणि बरोबर ठोक्यावर उभीं राहतात. संगीताची खोली आणि मैदान यांच्यामध्यें आपण जी भिंत घातली आहे, ती नसती तर यांतील निम्में काम आपोआप झालें असतें.

गोमंतकाचा दाखलाही येथें देण्यासारखा आहे. तेथील चर्चच्या जोडीनें चालणाऱ्या संगीतशाळांत पिढ्यान्‌पिढ्या मुलांस व्हायोलीन हातांत देण्यापूर्वीं स्वरनामें गाऊन वाचावयास शिकवीत, आणि वाचतांना हातानें मात्रा दिल्यावांचून पुढें जाऊं देत नसत. त्या शिस्तींत वाढलेले कित्येक गोमंतकीय वादक पुढें मुंबईच्या चित्रपटसंगीतांतील वाद्यवृंदांचे आधारस्तंभ झाले, हें सर्वविश्रुत आहे.

मग हें सर्व असतांना शाळेंत ताल वहींत कसा शिरला? याचा दोष कोणा एकाचा नव्हे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केलें, आणि पं. भातखंडे यांनीं शेंकडों बंदिशी स्वरलिपींत मांडून छापिल्या. घराण्यांच्या बंद दारांआड असलेली विद्या सामान्य गृहस्थांच्या मुलामुलींपर्यंत पोंचविण्याचें जें महत्कार्य या दोघांनीं केलें, त्यास स्वरलिपि व क्रमिक पुस्तकें हींच साधनें योग्य होतीं. त्यांचें ऋण आपणांपैकीं कोणीही नाकारूं शकणार नाहीं. परंतु साधन हातीं आलें कीं साध्य विसरावयाचें, ही मनुष्याची जुनी खोड आहे. स्वरलिपि ही ऐकलेल्या गाण्याची आठवण राहावी म्हणून होती. आपण तिलाच गाणें मानूं लागलों. त्यांत परीक्षांची भर पडली. कागदावर लिहिलेला ताल तपासतां येतो, त्यास गुण देतां येतात. चाललेला ताल तपासावयाचा तर परीक्षकाला खुर्ची सोडून उठावें लागतें.

ही व्याधि केवळ आपलीच आहे असें समजण्याचें कारण नाहीं. याच सुमारास युरोपांत एका संगीतशिक्षकास हीच अडचण पडली होती. एमील झाक-दालक्रोझ (१८६५–१९५०) हे जिनीव्हा येथील संगीतविद्यालयांत १८९२ पासून शिकवीत. त्यांना असें आढळून आलें कीं, त्यांच्या विद्यार्थ्यांचीं बोटें पियानोवर सफाईनें फिरतात, कागदावर ते नियमशुद्ध स्वररचना करतात, परंतु लिहिलेलें त्यांना कानांत ऐकूं येत नाहीं आणि वाजविलेलें त्यांच्या अंगांत मुरत नाहीं. ताल धरतांना तेच विद्यार्थी नकळत पाय आपटतात, मान हलवितात, हेंही त्यांनीं पाहिलें. इतर शिक्षक ज्या हालचालीस वाईट खोड म्हणून दटावीत, तींतच दालक्रोझ यांना शिक्षणाचा मार्ग दिसला. त्यांनीं मुलांस अनवाणी उभें केलें, आपण पियानोवर बसले, आणि जें वाजेल तें चालून दाखवावयास सांगितलें. १९०५ सालीं स्वित्झर्लंडांतील झोलोथुर्न येथें त्यांनीं आपली पद्धति शिक्षकांपुढें मांडिली. पुढें जर्मनींत ड्रेस्डेनजवळ हेलेराउ या उपनगरांत तिच्यासाठीं एक स्वतंत्र संस्थाच उभी राहिली. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें, जर्मन तोफांनीं फ्रान्समधील रॅंस येथील प्राचीन चर्चवर मारा केला, आणि त्याच्या निषेधपत्रावर सही केल्यामुळें दालक्रोझ यांना जर्मनीस मुकावें लागलें. पण काम थांबलें नाहीं. १९१५ मध्यें जिनीव्हा येथें त्यांची संस्था निघाली, आणि ती आजही चालू आहे. त्यांच्या पद्धतीस 'यूरिद्मिक्स' असें म्हणतात. पुढें कार्ल ऑर्फ या जर्मन संगीतकारानें १९२४ पासून म्युनिक येथें वाद्यें आणि हालचाल यांची सांगड घालून याच दिशेनें काम केलें.

दालक्रोझ यांनीं लयीचा शोध लावला असें नाहीं; आमच्या वारकऱ्यांस त्यांच्याकडून कांहीं शिकावयाचें नव्हतें. त्यांचा विशेष असा कीं, जें लोकांत सहज होतें त्याचे त्यांनीं क्रमवार धडे बांधिले. सहज मिळणारें ज्ञान ज्याच्या घरीं भजन आहे त्यासच मिळतें. धडा मात्र वर्गांतील प्रत्येक मुलास मिळतो. आपण त्यांच्यापासून घ्यावयाचें तें एवढेंच.

अलीकडील शास्त्रज्ञांनींही या समजुतीस पुष्टि दिली आहे. कॅनडांतील मॅकमास्टर विद्यापीठांत जेसिका फिलिप्स-सिल्व्हर व लॉरेल ट्रेनर या दोन विदुषींनीं सात महिन्यांच्या बालकांवर केलेला एक प्रयोग २००५ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्यांनीं कोठेंही जोर नसलेला एक सरळ ठेका बालकांस ऐकविला. कांहीं बालकांना तो ऐकवीत असतां दर दुसऱ्या ठोक्यास मांडीवर उचलून झुलविलें, कांहींना दर तिसऱ्या ठोक्यास. नंतर तोच ठेका दुसऱ्या आणि तिसऱ्या ठोक्यांवर जोर देऊन ऐकविला, तेव्हां ज्या बालकास जसें झुलविलें होतें तसाच जोर असलेला ठेका तें अधिक वेळ ऐकत राहिलें. ज्या बालकांनीं स्वतः न झुलतां केवळ दुसऱ्यास झुलतांना पाहिलें, त्यांच्यांत हा परिणाम दिसला नाहीं. म्हणजे ठेका तोच, कानही तेच. त्यांत दादरा ऐकावा कीं केहरवा, हें अंगानें ठरविलें. आमच्या आयांनीं मांडीवर थोपटीत हीच विद्या आजवर दिली आहे. शास्त्रानें तिच्यावर केवळ शिक्कामोर्तब केलें.

आतां प्रत्यक्ष रीतीकडे वळूं. लोहाराच्या दुकानांतून परतल्यानंतरच्या वर्षीं मीं पहिले सहा आठवडे वह्या आणूंच दिल्या नाहींत. जें उपयोगी पडलें तें येथें सांगतों.

प्रथम नुसतें चालणें. शिक्षकानें तबल्यावर किंवा डफावर सारखे ठोके द्यावे. मुलांनीं प्रत्येक ठोक्यास एक पाऊल टाकावें. ठोके जलद झाले कीं चाल जलद, सावकाश झाले कीं सावकाश. जलद चालणें सर्वांस येतें. सावकाश चालणें हीच खरी परीक्षा, कारण तेथें तोल सांभाळावा लागतो आणि घाई करणारा मुलगा तत्काळ डगमगतो. विलंबित लय कठीण कां, हें मुलांना त्यांचे पायच सांगतात.

मग दादरा. डाव्या पायानें आरंभ करून पहिलें पाऊल जोरानें टाळीसह टाकावें, पुढचीं दोन हलकीं. चौथ्या मात्रेस खाली. तेथें जोराचें पाऊल आपोआप उजव्या पायावर येतें, आणि हात बाजूस उघडतात. सहा पावलें झालीं कीं पुन्हां डावा पाय. अशा रीतीनें टाळी डाव्या पायाची आणि खाली उजव्या पायाची, अशी वांटणी शरीर स्वतःच करून देतें. हा झुला एकदां अंगांत बसला कीं "तीन कीं चार" हा प्रश्न उरत नाहीं. केहरव्यांत मात्र चार-चारांचे दोन विभाग असल्यामुळें टाळी व खाली दोन्ही एकाच पायावर येतात. म्हणून तेथें चार पावलें पुढें आणि चार पावलें मागें असें चालवावें.

त्रितालासाठीं जमिनीवर खडूनें मोठा चौरस काढावा आणि प्रत्येक बाजूस चार पावलें चालावें. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या बाजूच्या पहिल्या पावलास टाळी. तिसऱ्या बाजूच्या पहिल्या पावलास, म्हणजे नवव्या मात्रेस, उघडा हात. सोळा पावलांनीं मूल निघालें होतें त्याच कोपऱ्यास परत येतें. तो कोपरा म्हणजे सम. "समेवर येणें" या शब्दांचा अर्थ मला फळ्यापाशीं उभें राहून वर्षभर समजावून देतां आला नव्हता. तो त्या कोपऱ्यानें पांच मिनिटांत समजाविला. पुढें एक गंमत करावी. मुलें चालत असतां मध्येंच तबला बंद करावा आणि एक आवर्तन मौनांत जाऊं देऊन समेवर पुन्हां सुरू करावा. त्या क्षणीं जीं मुलें कोपऱ्यावर असतील, त्यांच्या मनांत तबला थांबलेला नव्हता असें समजावें.

झपताल मोठ्या मुलांसाठीं. त्याचे दोन-तीन-दोन-तीन असे विभाग चालून पाहिले कीं पहिल्या पांच मात्रांतील दोन्ही टाळ्या डाव्या पायावर येतात, आणि सहाव्या मात्रेची खाली व आठवीची टाळी उजव्यावर. उत्तरार्ध हा पूर्वार्धाचें आरशांतील प्रतिबिंब आहे, हें वहींत कोणास दिसणार? रूपकाच्या सात मात्रांत तर सम एका आवर्तनांत डाव्या पायावर आणि पुढल्यांत उजव्यावर पडते. त्याचें तें लंगडणारें सौंदर्य मुलांना भारी आवडतें. शेवटीं दुगुण: पाय मात्रेवर ठेवावे आणि हातांनीं प्रत्येक पावलास दोन टाळ्या द्याव्या, मग उलट करावें. येथें मात्र माझीं कांहीं मुलें शेवटपर्यंत अडखळलीं, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. हा कांहीं जादूचा मंत्र नव्हे. तथापि पूर्वीं अर्धा वर्ग समेवरून सुटत असे, त्या ठिकाणीं आतां दोनतीन मुलें सुटतात, आणि सुटलीं तरी आपण सुटलों हें त्यांचें त्यांना कळतें.

यावर आक्षेप येतात ते ऐकले पाहिजेत. पहिला गोंगाटाचा. शेजारच्या वर्गांत गणित चालू असतां तीस मुलांनीं पाय आपटावे, हें कोणाला रुचेल? तक्रार रास्त आहे. त्याला माझें उत्तर असें कीं, तास मैदानावर किंवा वडाच्या पारापाशीं घ्यावा. खोलींतच घेणें भाग असल्यास अनवाणी घ्यावा. शिवाय हलकें पाऊल टाकणें हाही तालाचाच एक धडा आहे. दुसरा आक्षेप शिस्तीचा. परंतु एका ठोक्यासरशीं तीस मुलें हवेंत पाय धरून थांबतात, याहून अधिक शिस्त ती कोणती? तिसरा आक्षेप, जें मूल पायांनीं अधू आहे त्यानें काय करावें? त्यानें हातांनीं, बोटांनीं, खांद्यांनीं तोच प्रवास करावा. आणि चौरसाच्या मध्यभागीं बसून तबल्याचा ठोका त्यानेंच द्यावा. त्याच्या ठोक्यावर सारा वर्ग चालेल.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मोठे गवई निश्चल बसून गातात; अंगविक्षेप हा गायनांतला दोष मानिला आहे; मग मुलांस हलावयास कां शिकवावें? हें मला पूर्ण मान्य आहे, आणि माझ्या वर्गांतील मुलेंही सहाव्या आठवड्यानंतर बसूनच गातात. मात्र तेथवर जाण्यास एक क्रम आहे. आधीं सर्व शरीर चालतें, मग केवळ हात, मग केवळ बोटें, आणि शेवटीं बाहेरून कांहींच दिसत नाहीं. लिहावयास शिकणारें मूल प्रथम वाळूंत मोठमोठीं अक्षरें गिरवितें. तेंच पुढें एका ओळींत बारीक अक्षर काढतें. वाळूंत गिरविणें टाळून कोणाचें अक्षर सुधारल्याचें ऐकिवांत नाहीं. निश्चल बसलेल्या गवयाचे पाय थांबलेले दिसतात, परंतु तो ताल चालतच असतो. आजचे मेंदूचे अभ्यासक सांगतात कीं, शांत बसून नुसता ठेका ऐकणाऱ्या माणसाच्या मेंदूंतही हालचालींचें नियमन करणारे भाग जागृत होतात. आपण मुलांस आरंभींच निश्चल बसवितों, तेव्हां शेवटची पायरी पहिली म्हणून चढावयास सांगतों.

राहतां राहिला वेळेचा प्रश्न. आठवड्यास एकच तास, त्यांत परीक्षेचीं गीतें. पण सहा तास चालण्यांत गेले तर पुढील वर्षभराचे घोकंपट्टीचे तास वांचतात, असा माझा अनुभव आहे. आणि समजा नाहीं वांचले, तरी मुलगा गाणें शिकावयास येतो कीं गाण्याचे तक्ते, हें एकदां शाळाचालकांनीं व आपण शिक्षकांनीं मनाशीं ठरविलें पाहिजे.

असो. लेख लांबला, पण ज्याच्यापासून तो सुरू झाला, त्याच्याविषयीं सांगावयाचें राहिलें. नवी रीत सुरू केल्यावर मीं त्या मुलास बोलावून म्हटलें, "मागल्या वर्षीं माझी चूक झाली. तूं बेताल नाहींस. तुझ्याइतकी लय वर्गांत कोणाची नाहीं, गाण्यांत ये." तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "नको गुरुजी. मी पडदाच ओढतो." मीं पुष्कळ समजाविलें, तो आला नाहीं. पुढें तो शाळा सोडून गेला. लेझमीच्या पथकांत तो शेवटपर्यंत हलगी वाजवीत असे, व त्याच्या हलगीवर चाळीस मुलें चुकल्यावांचून नाचत. परंतु माझ्यापाशीं तो पुन्हां कधीं गायला नाहीं.

म्हणून माझ्या सहव्यवसायी बंधु-भगिनींस एवढीच विनंति आहे. तुमच्या वर्गांत ज्याची टाळी चुकते असें एखादें मूल असेलच. त्यास तो शब्द उच्चारण्यापूर्वीं एकदां त्याला उठवून उभें करा, ठेका धरा, आणि त्याला चालूं द्या. त्याचे पाय काय सांगतात तें ऐका, आणि मग काय म्हणावयाचें तें ठरवा.